बुकशेल्फ स्पीकरला सबवूफर: मी आणला आणि वायर काढून ठेवली

मंद्रसप्तक
माझे स्पीकर पाच इंची वूफरचे (वूफर म्हणजे खालचे स्वर वाजवणारा कोन). ५५ हर्ट्‌झच्या खाली आवाज झपाट्याने पडतो, म्हणून सब, म्हणजे फक्त खालच्या स्वरांसाठीचा वेगळा स्पीकर, आणला. दोन महिने झगडलो, शेवटी वायर काढली. पियानोचा सगळ्यात खालचा स्वर २७.५ हर्ट्‌झचा, मान्य. पण तो वाजतो किती वेळा? तेवढ्यासाठी अख्खं गाणं गढूळ करून घ्यायचं? चार मीटरच्या खोलीत दोन चांगले स्पीकर पुरेत. सब हे सिनेमावाल्यांचं खूळ.

खर्जप्रेमी
ठेवला कुठे होता? आणि क्रॉसओव्हर, म्हणजे सब किती हर्ट्‌झपर्यंत वाजतो ती मर्यादा?

मंद्रसप्तक
कोपऱ्यात, तेवढीच जागा होती. क्रॉसओव्हर १२० वर.

खर्जप्रेमी
मग सबला कशाला बोल लावता! कोपऱ्यात ठेवला की खोलीचे सगळे अनुनाद (खोलीच्या मापामुळे जास्त घुमणारे स्वर) एकदम जागे होतात. चार मीटर लांबीचा पहिला अनुनाद ४३ हर्ट्‌झच्या आसपास, आणि बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ ची. तो एकच स्वर घुमत राहणार. त्यात १२० म्हणजे गायकाचा अर्धा खर्ज कोपऱ्यातून. ८० च्या बऱ्याच वर गेलं की आवाज कुठून येतोय ते कानाला कळतं.
सब तुमच्या खुर्चीच्या जागी ठेवा, बेसचं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. सगळे स्वर सारखे वाटतील तिथे सब. घरचे हसतील, हसू देत.

दोनच_पुरे
आणि शेजारच्या खुर्चीचं काय? तिथे तोच स्वर गायब. गाणं ऐकायचंय की प्रयोगशाळा काढायचीय?

खर्जप्रेमी
दोन सब ठेवले तर तो फरक बराच कमी होतो. (हो, माहितीय, आता तुम्ही आणखीच चिडणार.) पण सब दणक्यासाठी नसतोच मुळी. तेवढ्याच आवाजात एक सप्तक खाली उतरायचं तर वूफरच्या कोनाला चौपट हलावं लागतं. ते काम काढून घेतलं की छोट्या वूफरचे मधले स्वर मोकळे होतात.

दोनच_पुरे
काढून घेतलं तर ना! बऱ्याच अँप्लिफायरचं 'सब आउट' मुख्य स्पीकरचा खालचा भाग कापतच नाही. स्पीकरही तेच वाजवतात, वर सबही. ओझं उतरलं कुठे? गढूळपणा तिथूनच येतो.

खर्जप्रेमी
हे मात्र खरं. हाय-पास फिल्टर (स्पीकरचा खालचा भाग कापणारा) नसेल तर सब ५५-६० वर आणा, स्पीकरच्या पोर्टमध्ये (हवेच्या भोकात) स्पंज कोंबा, सबचं फेजचं बटण (सबच्या लहरी स्पीकरशी जुळवणारं) दोन्हीकडे फिरवून ऐका. भरीव वाटेल ती बाजू बरोबर.

मंद्रसप्तक
रविवारी रांगलो. जागा निघाली दारामागे! ६० वर लावलाय, स्पंजही कोंबला. घुमणं गेलं, आणि सब बंद केल्यावरच कळतं की तो चालू होता. मत पूर्ण बदललंय असं नाही, पियानो अजून सबशिवायच ऐकतो. दार मात्र आता अर्धंच उघडतं.