कॉलेजातला इंग्रजीचा जादा वर्ग: तुम्हाला कितपत उपयोगी पडला?

माजघर
पुतणी यंदा इंजिनीअरिंगला लागली. दहावीपर्यंत मराठी माध्यम. अकरावी-बारावीला सायन्सची पुस्तकं इंग्रजीत होती, पण सर समजावून सांगायचे मराठीतच. आता कॉलेजने पहिल्या सेमिस्टरला शनिवारी इंग्रजीचा जादा वर्ग ठेवलाय, एकूण ४० तास. ती विचारतेय, "काकू, जाऊ की तो वेळ मॅथ्सला देऊ?" मला ठामपणे सांगता येईना. ज्यांनी असा वर्ग केलाय किंवा घेतलाय, त्यांनी कृपया लिहा. नुसतं "छान होता" नको. त्यानंतर काय जमायला लागलं आणि काय नाही, ते हवंय.

दुधनाकाठ
मी परभणी जिल्ह्यातला, मेकॅनिकल केलं पुण्यात. आमचा वर्ग तीन आठवड्यांचा होता. काळ, आर्टिकल्स, स्वतःची ओळख करून देणं, मुलाखतीला कसं बसायचं. सगळं मन लावून केलं, आणि पहिल्या युनिट टेस्टला तरी आपटलो. कारण पेपर हातात आल्यावर कळलं: "डिफाइन", "डिस्कस", "डिराइव्ह", "जस्टिफाय" या प्रत्येकाला वेगळं उत्तर लागतं. मी चारही ठिकाणी व्याख्या आणि माहिती लिहून आलो होतो. हे त्या वर्गात कुणी शिकवलंच नव्हतं. शब्दांचंही तेच. "यील्ड" म्हणजे एकरी उतारा, हे घरच्या शेतीमुळे ठाऊक होतं. धातू "यील्ड" होतो म्हणजे ताण सोसेनासा होऊन कायमचा वाकायला लागतो, हे कळायला अर्धं सेमिस्टर गेलं.

मला खरं इंग्रजी शिकवलं ते लॅबच्या मॅडमनी. जर्नल तपासताना निष्कर्षाची चार वाक्यं त्या लाल पेनने दुरुस्त करायच्या आणि पुन्हा लिहून आणायला लावायच्या. म्हणायच्या, "भार कुणी लावला ते नको सांगूस, भार लावल्यावर काय झालं ते सांग. शाळेत कर्मणी प्रयोग केलास ना? तोच इथे आहे." दर आठवड्याला चार वाक्यं. दुसऱ्या वर्षी व्हायवाला (तोंडी परीक्षेला) बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर मी न अडखळता बोललो, ते त्या चार वाक्यांमुळे. आजही त्यांची आठवण आली की डोळे भरतात.

खडूफळा
मी असे वर्ग बरीच वर्षं घेतेय. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) रेमेडियल कोचिंग, म्हणजे जादा शिकवणीच्या योजनेतलेही घेतले. दुधनाकाठ, तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये एक फरक मांडला: रोजच्या बोलण्याची भाषा वेगळी आणि अभ्यासाची भाषा वेगळी. पहिली साधारण दोन वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात वर्षं लागतात. तेही आजूबाजूला इंग्रजीच असलेल्या मुलांना. मग ४० तासांत काय होणार? वाट दाखवून होते, एवढंच. पण वाट दाखवणारा नसेल तर मूल चार वर्षं गाइडं पाठ करत राहतं, हेही मी पाहिलंय.

एक गोष्ट मनाला फार लागते. ऐच्छिक वर्गाला येतात ती आधीच बऱ्यापैकी येणारी मुलं. ज्यांना खरी गरज आहे त्यांची पाच वाजताची एसटी असते. मी वर्ग दुपारच्या सुट्टीनंतर घ्यायला लागले तशी तीही यायला लागली. आणि ७० जणांच्या वर्गात कुणाचंच लिखाण तपासून होत नाही. २० असावेत.

ओलीछत्री
मास्टर्सला ब्रिटनमध्ये होते. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लिखाणाला अर्धा बँड (गुणांकाची पायरी) कमी पडला म्हणून मुख्य कोर्सच्या आधी उन्हाळ्यात प्री-सेशनल, म्हणजे इंग्रजीचा पूर्वतयारी वर्ग करावा लागला. फी वेगळी भरली, तेव्हा जिवावर आलं होतं. पण तिथे एकच निबंध तीनदा लिहायला लावला, आणि प्रत्येक खर्ड्यावर शेरे. दुसऱ्याचा मुद्दा आपल्या शब्दांत मांडायचा, कुणाचा ते सांगायचं, पुराव्यापुरतंच बोलायचं. आपल्याकडे पुस्तकातलं जसंच्या तसं उतरवलं की मार्क मिळायचे, तिथे ती चोरी ठरते. हे आधी कळलं नसतं तर पहिल्याच असाइनमेंटला अडकले असते.

रात्रपाळी
नर्सिंग. आम्हाला भाषण आणि गटचर्चा शिकवली. पेशंटशी आम्ही मराठीतच बोलतो. इंग्रजी लागतं ते ड्यूटी बदलताना नोट्स लिहायला. त्याचा एकही तास नव्हता. तरी उभं राहून बोलायची भीती गेली, तेवढं श्रेय देईन.

माजघर
सगळ्यांचे मनापासून आभार. दुधनाकाठ यांचा प्रतिसाद पुतणीला वाचून दाखवला. तिने लगेच मागच्या वर्षीचा पेपर काढून प्रश्नांतल्या क्रियापदांखाली रेघा मारल्या. ती शनिवारी जाणार आहे, फिजिक्सच्या जर्नलची दोन पानं बरोबर घेऊन. सर तपासून देतील का, हे आधी विचारणार आहे. नाही म्हणाले तर, खडूफळा मॅडम, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का?