मनगटाचा पट्टा बांधूनही अंगठ्याकडची कळ थांबत नाही

प्रश्न
नमस्कार. माझे बाळ साडेतीन महिन्यांचे आहे. त्याच्या काखेत हात घालून उचलताना किंवा लंगोट पिळताना उजव्या मनगटात, अंगठ्याच्या बाजूला, जीवघेणी कळ येते. औषधांच्या दुकानातून धातूची पट्टी असलेला मनगटाचा पट्टा आणून दहा दिवस बांधला, तरी काहीच फरक नाही. माझे बांधणे चुकते आहे का?

उत्तर 1
मी फिजिओथेरपिस्ट आहे. हात तपासल्याशिवाय निदान होत नाही, तरीही आपले वर्णन ‘डी क्वेर्वेन’ या दुखण्याशी जुळते. 1895 साली स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ डी क्वेर्वेन यांनी वर्णिलेले हे दुखणे बाळंतिणींमध्ये बरेच आढळते. अंगठा हलवणाऱ्या दोन कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, मनगटापाशी एका अरुंद वेष्टनातून जातात आणि ते जाड झाले की प्रत्येक हालचालीत त्या घासतात. आपल्या पट्ट्याने मनगट स्थिर झाले, परंतु अंगठा मोकळाच राहिला. म्हणून बांधण्यात नव्हे, पट्ट्याच्या निवडीत चूक आहे. असा पट्टा बोटांना रात्री मुंग्या येणाऱ्या, मनगटातील नस दबलेल्या रुग्णांना उपयोगी पडतो. आपल्याला अंगठ्याचे बूडही धरून ठेवणारा ‘थम्ब स्पायका’ लागेल. तो बांधल्यावर बोटे बधिर झाली किंवा नखे निळसर दिसली, तर लगेच सैल करावा. काही आठवड्यांत उतार पडला नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञ त्या वेष्टनात स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्याचा विचार करतात. अंगावर पाजत असल्याचे त्यांना अवश्य सांगा.

उत्तर 2
मलाही बाळंतपणानंतर हेच झाले होते. स्पायकाच्या आत सुती मोज्याची नळी कापून घातली, अंगठ्यासाठी तिला भोक पाडले, तेव्हा घामाने येणारे पुरळ थांबले. वेल्क्रोची खरखरीत कड बाळाच्या गालाला घासते, तीही झाकून घ्या. बाळाला काखेत धरून उचलण्याऐवजी एक तळवा त्याच्या मानेखाली आणि दुसरा ढुंगणाखाली सरकवून उचलत जा. मला पट्ट्याइतकाच आराम या बदलाने मिळाला.

उत्तर 3
हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट आवर्जून लिहितो. हातावर पडल्यानंतर अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या खळग्यात दाबून दुखत असेल, तर नुसता पट्टा बांधून बसू नये. तेथील स्कॅफॉइड हाडाची चीर पहिल्या एक्स-रेमध्ये कधीकधी दिसत नाही. माझ्या भावाची चीर दोन आठवड्यांनी पुन्हा काढलेल्या एक्स-रेमध्ये सापडली.

प्रश्नकर्ती
मी पडलेली नाही. अस्थिरोगतज्ज्ञांची उद्याची वेळ घेतली आहे आणि आजपासून बाळाला तळव्यांवर उचलते आहे.