व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या मेंदूवर लक्ष कोण ठेवतंय?

राजारामपुरीकर
मामा आयसीयूत होते तेव्हा मॉनिटरवर नाडी, बीपी, ऑक्सिजन सगळं दिसायचं. मेंदूचं काय, विचारलं की उत्तर ठरलेलं: "औषधानं झोपवलंय, जागे झाले की बघू." अशा पेशंटला हातपाय न हलताही झटके येऊ शकतात, आणि ते ईईजीशिवाय, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या रेघा टिपल्याशिवाय, कळत नाहीत. एक्मोवर (रक्त शरीराबाहेर नेऊन त्यात ऑक्सिजन भरणारं यंत्र) तर रक्त गोठू नये म्हणून हेपरिन चालू. म्हणजे मेंदूत रक्तस्रावाची भीती, शिवाय गुठळीची आहेच. व्हेंटिलेटर तिथं सलग ईईजी, अशी सक्तीच करा.

रंकाळ्याचा_वारा
मशीन येईल हो, रात्री दोनला त्या रेघा वाचणार कोण? कोल्हापुरात कोकणापासून निपाणीपर्यंतचे पेशंट येतात, निम्मे उसाच्या बिलावर उसनवारी करून. 2020 साली स्वित्झर्लंडमधला अभ्यास आला. अधूनमधून केलेल्या छोट्या ईईजीपेक्षा सलग ईईजीत झटके जास्त सापडले, पण सहा महिन्यांतल्या मृत्यूंत फरक पडला नाही. मग बिल कशाला फुगवायचं?

राजारामपुरीकर
ज्यांना नुकतेच झटके आले होते, ते पेशंट त्या अभ्यासात घेतलेच नव्हते. हे सोयीनं गाळलं.

नाइट_ड्युटी
आयसीयूत नर्स आहे, म्हणून बोलते. आम्ही टॉर्च मारून डोळ्याच्या बाहुल्या बघतो, ग्लासगो स्कोर लिहितो, म्हणजे डोळे उघडणं, बोलणं, हालचाल यांना गुण देतो. हा स्कोर 1974 चा. घशात ट्यूब असली की बोलण्याचे गुण देता येत नाहीत, तिथं ट्यूबचा 'टी' लिहायचा. फेंटानिल हे वेदनेचं औषध चालू असेल तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, टॉर्चला काय डोंबल दिसणार! आणि एक बाहुली मोठी होऊन आकसेनाशी झाली, तर बहुतेक वेळा कवटीच्या आत दाब आधीच वाढलेला असतो.

पण ज्यांना चालतं त्यांचं झोपेचं औषध रोज सकाळी थांबवून "आजोबा, माझा हात दाबा" म्हणायला पैसे पडत नाहीत. तेच राहून जातं. का? एका नर्सकडं पेशंट जास्त, अर्धवट जागा झालेला माणूस ट्यूब ओढतो, मग औषध चालूच ठेवलेलं बरं वाटतं.

गुळाची_ढेप
ईईजी सपाट आला म्हणजे माणूस गेला का? आमच्या पाव्हण्यांत यावरून भांडणं झाली.

नाइट_ड्युटी
नाही दादा. झोपेच्या औषधाचा डोस जास्त असला तरी सपाट येऊ शकतो. मेंदूमृत्यू ठरवतात तो अवयव प्रत्यारोपणाच्या 1994 च्या कायद्याप्रमाणं: चार डॉक्टर, सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी, त्यात व्हेंटिलेटर काढून स्वतः श्वास घेतो का ते बघतात. ईईजीची त्यात सक्ती नाही.

रंकाळ्याचा_वारा
ताईंचं पटलं. आज औषध थांबवलं का, पेशंटनं हात दाबला का, एवढं रोज नातेवाइकांना सांगायची सक्ती करा. माझा पाठिंबा.

राजारामपुरीकर
आणि औषध थांबवूनही जागा झाला नाही तर?

रंकाळ्याचा_वारा
तर त्याच दिवशी ईईजी. त्या बिलाला मी नाही म्हणणार नाही. सरसकट सक्तीला मात्र विरोधच.