मदत हवी आहे: ग्रंथालयाचा ब्लॉग, विकी आणि फीड. तिन्ही दुकानं मांडली, गिऱ्हाईक एकही नाही

नमस्कार मंडळी,

एका कॉलेजच्या ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. माणसं तीनच: मी, एक सहायक आणि देवघेवीच्या खिडकीवर बसणारे परिचर काका. प्रणाली कोहा, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी आणि देवघेव सांभाळणारं सॉफ्टवेअर. हौसेने तीन गोष्टी सुरू केल्या आणि आता तिन्ही गळ्यात पडल्या आहेत. जरा लांबण लावते, चालवून घ्या.

आधी ब्लॉग. दर शनिवारी नव्या पुस्तकांची यादी ब्लॉगवर टाकायची असं ठरवलं. म्हणजे पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत लिहायचं, मग कोहात चढवायचं आणि शनिवारी तेच शीर्षक, तोच लेखक, तोच विषय तिसऱ्यांदा टंकायचा. मुखपृष्ठाचा फोटो वेगळाच. दोन महिने जोर होता. मग परीक्षा आल्या, मग पुस्तकांची वार्षिक मोजणी. शेवटची नोंद सात महिन्यांपूर्वीची आहे आणि तिचं शीर्षक आहे "या आठवड्यातली नवी पुस्तकं".

मग विकी. संदर्भ विभागात रोज तेच प्रश्न. जुन्या प्रश्नपत्रिका कुठे आहेत, प्रबंधाची प्रत घरी नेता येते का, घरून ई-जर्नल कसं उघडायचं. उत्तरं माझ्या डोक्यात, त्यामुळे मी रजेवर असले की खिडकीवर गोंधळ. म्हणून विकी, म्हणजे अनेकांनी मिळून लिहायचं संकेतस्थळ, काढला आणि संपादन सगळ्यांना खुलं ठेवलं. विकी म्हणजे खुलाच असायचा अशी माझी समजूत. एका सोमवारी उघडते तर 'प्रबंध विभाग' या पानावर केसगळतीच्या औषधांच्या जाहिराती आणि खाली चाळीसेक दुवे! एकेक बदल मागे फिरवत बसले. दुपारी पुन्हा तेच. शेवटी कुलूप घातलं. गंमत म्हणजे विद्यार्थी किंवा प्राध्यापक, कुणीही त्यात एक ओळ लिहिली नव्हती. जाहिरातवाल्यांनीच काय तो हातभार लावला.

तिसरी बातम्यांची चौकट. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर उजवीकडे एका वृत्तपत्राची फीड, म्हणजे नव्या नोंदींची आपोआप ताजी होणारी यादी, लावली होती. ती मध्येच कधीतरी आटली. परवा सहायकाने "हा पांढरा चौकोन कशाचा हो मॅडम?" असं विचारलं, तेव्हा कळलं. इतक्या दिवसांत एकाही वाचकाने तक्रार केली नाही, हे जास्त लागलं.

आता दोन प्राध्यापिका मागे लागल्या आहेत. एकीला सूक्ष्मजीवशास्त्रातले नवे लेख हवेत, दुसरीला शालेय शिक्षणावरच्या बातम्या. सध्या दुसरीसाठी आम्ही कात्री-डिंक घेऊन कात्रणं चिकटवतो. प्रचलित जागरूकता सेवा (वाचकाच्या विषयातलं नवं काही आलं की त्याला कळवणं) हे परीक्षेत लिहिलेलं मोठं नाव, प्रत्यक्षात डिंकाने चिकटलेली बोटं.

तर, यादी तिसऱ्यांदा न टंकता ब्लॉगवर येईल का? विकी ठेवू की मोडीत काढू? आणि फीडने या दोघींचं काम भागेल का? प्रोग्रामिंग येत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

कसर
यादी टंकायची गरजच नाही. कोहाच्या ओपॅकमध्ये (वाचकांसाठीच्या ऑनलाइन पुस्तकसूचीत) कुठलाही शोध घ्या, निकालांच्या वर फीडचं छोटं नारंगी चिन्ह असतं. त्या शोधाची फीड दाखल तारखेच्या क्रमाने येते, नवं वर. सबंध संग्रहाची नको, विषयवार करा: एक रसायनशास्त्राची, एक मराठी साहित्याची. ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं.

तो पत्ता ब्लॉगच्या बाजूच्या पट्टीत चिकटवायचा. ब्लॉग वर्डप्रेसवर असेल तर आरएसएस (फीडचाच एक प्रकार) नावाचा ब्लॉक तयारच आहे. फक्त वर्डप्रेस आणलेली फीड साधारण १२ तास साठवून ठेवतो, तेव्हा सकाळी चढवलेलं पुस्तक लगेच दिसलं नाही म्हणून पुन्हा पुन्हा पान ताजं करत बसू नका. आणखी एक, तुमचा ओपॅक इंटरनेटवर बाहेरून उघडतो ना? फक्त कॉलेजच्या अंतर्गत नेटवर्कवर असेल तर बाहेरचा ब्लॉग तिथवर पोचणारच नाही. पुष्कळ जण इथेच अडकतात आणि कोहाला बोल लावतात.

पानखूण
ताई, विकी मोडू नका, पण तो वाचकांसाठी आहे हे डोक्यातून काढा. हवाई भाषेत विकी म्हणजे झटपट. 'सगळ्यांना खुला' असा अर्थ त्या शब्दात नाही. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिला विकी काढला तोसुद्धा प्रोग्रामर मंडळींनी आपसात अनुभव लिहून ठेवावेत म्हणून. तुमच्याकडे आपसातली मंडळी तिघं. त्या तिघांचा विकी करा. वाचायला सगळ्यांना, लिहायला तिघांना.

विकी मीडियाविकी या सॉफ्टवेअरवर असेल तर लोकलसेटिंग्ज फाईलमध्ये दोन गोष्टी बदलायच्या: खात्याशिवाय संपादन बंद, आणि कुणालाही स्वतः खातं उघडणं बंद. ज्यांनी विकी बसवून दिला त्यांचं पाच मिनिटांचं काम. पण तिघांसाठी मीडियाविकी म्हणजे घरच्या भाजीला लग्नातली कढई. डोकुविकी हे हलकं विकी सॉफ्टवेअर पाहा. त्याला डेटाबेस लागत नाही, प्रत्येक पान म्हणजे साधी मजकूर फाईल, फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवला की झाली प्रत. कुठल्या पानावर कुणी लिहायचं हेही ठरवता येतं.

आणि 'ग्रंथालयाचे नियम' असली पानं लिहू नका. प्रश्न जसा खिडकीवर येतो तसाच शीर्षकात घ्या. "प्रबंध घरी नेता येतो का?" खाली दोन ओळींत उत्तर आणि उत्तर तपासल्याची तारीख.

फीडवेडा
१ जुलै २०१३ ला गूगल रीडर हा फीड वाचक (सगळ्या फीड एकत्र दाखवणारी सेवा) बंद झाला तेव्हा सुतक पाळलेला माणूस आहे मी, त्यामुळे सावकाश लिहितो.

विद्यार्थी फीड घेतील ही आशा सोडा. ब्राउझरनीच तो नाद सोडलाय, फायरफॉक्सने २०१८ च्या शेवटी आतली फीड वाचायची सोय काढून टाकली. फीड वाचक तुम्ही चालवायचा, वेचायचं तुम्ही आणि पुढे पाठवायचंही तुम्ही. वाचकाला कळायचंही कारण नाही की मागे फीड आहे.

सूक्ष्मजीवशास्त्रासाठी पबमेडवर (वैद्यक आणि जीवशास्त्रातल्या लेखांच्या मोफत सूचीत) बाईंचा विषय नीट शोधा. नुसता जिवाणूचं नाव नको, सोबत त्यांचा नेमका प्रश्नही हवा, नाहीतर रोज शंभर लेख कोसळतील. शोध जमला की खालीच आरएसएस तयार करायचं बटण आहे. बहुतेक मोठे प्रकाशक नियतकालिकाच्या अनुक्रमणिकेची फीडही देतात. शिक्षणाच्या बातम्यांसाठी गूगल अलर्टमध्ये शब्द द्या, आणि पाठवायच्या पर्यायात ई-मेलऐवजी आरएसएस निवडा. सगळं एका फीड वाचकात, प्राध्यापिकेगणिक एक फोल्डर. सकाळची पंधरा मिनिटं, कामाचं तेवढं उचलायचं, आठवड्याला एक पत्र.

ते पत्र किंवा ब्लॉग, दोन्हीकडे शीर्षक, आपल्या शब्दांत एक ओळ आणि दुवा, बस. आख्खी बातमी उचलून डकवू नका, स्वामित्वहक्काचा प्रश्न येतो. ब्लॉगवर फीडबर्नरची जुनी 'ई-मेलने मिळवा' चौकट असेल तर तीही उतरवा, ती ई-मेल सेवा २०२१ मध्येच बंद झाली. आणि महिन्यातून एकदा सगळ्या स्रोतांची ओपीएमएल फाईल (फीडच्या पत्त्यांची यादी) उतरवून ठेवा. २०१३ मध्ये माझी दीडशे ठिकाणं त्या एका फाईलमुळे वाचली. पांढऱ्या चौकोनाचं म्हणाल तर वृत्तपत्राने पान हलवलं की फीडचा पत्ता बदलतो आणि फीड मुकाट मरते. बातम्यांची चौकट काढूनच टाका. बातम्या वाचायला ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर कोण येतं?

अनुक्रमणिका
यादी कोहातून आली की ब्लॉगवर लिहायचं काय? ओपॅकला सांगता येत नाही ते. सांख्यिकीची दोन पुस्तकं आली, त्यातलं पहिल्या वर्षाला झेपणारं कोणतं. महिन्याला एक नोंद पुरे, पण तारीख कुणाच्या तोंडावर मारू नका. "या आठवड्यातली" हा शब्द ब्लॉगला शाप आहे.

(धागाकर्ती)
सगळ्यांचे आभार. ओपॅक बाहेरून उघडतो. कसर यांनी सांगितल्याप्रमाणे मराठी साहित्याची फीड लावली आणि कपाळाला हात लावला. 'नवी पुस्तकं' म्हणून सगळ्यात वर १९६८ सालचा शब्दकोश! खाली त्याच काळातली एकोणीस पुस्तकं. माझ्या आधीच्यांनी विकत घेतलेली, मी शाळेत जायच्याही आधीची.

कसर
हाहा. मागच्या काही महिन्यांत जुन्या पुस्तकांच्या नोंदी कोहात चढवल्यात ना? चढवताना तारीख भरली नाही की कोहा त्या दिवसाचीच धरतो. प्रतीच्या नोंदीतल्या ९५२ या क्षेत्राच्या डी उपक्षेत्रात मूळ दाखल तारीख हवी. एकेक दुरुस्त करू नका. कोहात एका दमात अनेक प्रती बदलायची सोय आहे. बारकोडची यादी द्या, वर्षावर्षाचा गठ्ठा करा, नोंदवहीतली तारीख टाका. आधी दोनच पुस्तकांवर करून बघा, कारण चुकीची तारीख पडली तर तीही गठ्ठ्यानेच पडते.

(धागाकर्ती)
झालं. दोन दुपारी गेल्या, कारण जुन्या नोंदवहीची शाई फिकट झाली आहे आणि ३ की ८ यावर आमचे वाद. आता फीडमध्ये खरोखरच नवी पुस्तकं दिसतात. पांढरा चौकोन काढला.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या बाईंना पहिलं पत्र गेलं, सहा लेख होते. त्यांनी लगेच कळवलं, यातले दोन कामाचे, बाकीच्यांत 'प्रतिजैविक' शब्द आहे म्हणून घुसलेत. शोध पुन्हा बांधते आहे. दुसऱ्या बाईंना मात्र कात्रणच हवं, हातात धरता येतं म्हणे. त्यांच्यासाठी डिंकाची बाटली अजून टेबलावर आहे.

डोकुविकी सहायकाने बसवला. पहिलं पान माझ्या आधी परिचर काकांनी लिहिलं, मोबाइलवरून, बोलून. शीर्षक: "मॅडम रजेवर असल्यावर प्रबंधाच्या कपाटाची दुसरी किल्ली कुठे असते?" हे पान वाचकांना दिसू नये म्हणून कुठे काय बदलायचं, पानखूण, तेवढं सांगा.