चिठ्ठीवर मांडूळ ठेवू की काढू? (जादूच्या सामानाचा खेळ)

बांधावरची बाभूळ (धागाकर्ता)

गावच्या वाचनालयातल्या पोरांसाठी उन्हाळ्यात एक कागदी खेळ केला. गाव भंडारा जिल्ह्यात, दुपारी 45 च्या वर पारा, त्यामुळे पोरं आत बसायला तयारच असतात. खेळातलं राज्य काल्पनिक आहे. जंगलात सामान गोळा करायचं आणि त्यातून तलवार, ढाल, दिवा, झूल असं काहीतरी घडवायचं. प्रत्येक सामानाची एक चिठ्ठी. काही नमुने देतो:

लाख : एका फांदीवर लाखभर भाडेकरू, घरभाडं कुणीच देत नाही. पळसावरून खरवडा. तलवार मुठीत घट्ट बसवते. खोटी शपथ घेणाऱ्याच्या हातात मात्र वितळते.

बिब्बा : रागीट फळ. कवचाला चोळलं तर शत्रूच्या तलवारीला खाज सुटते.

लोणारचा खार : आकाशातून पडलेल्या दगडानं खणलेल्या तळ्याचं मीठ. भाजीत घालू नये, भाजी वर बघत बसते.

कोसा : ऐनाची पानं खाऊन अळीनं स्वतःलाच लिहिलेलं पत्र. उलगडलं की वाचता येत नाही, नेसता येतं.

मांडूळ : दोन तोंडं, दोन मतं. पुरलेलं धन एकदाच दाखवतो.

खवल्या मांजराचं खवलं : ढालीत बसवा. संकट आलं की ढाल गुंडाळी करून झोपते.

शेवटच्या दोन चिठ्ठ्यांवर एका पालकांनी हरकत घेतली. मला ती फाजील वाटते. गोष्टीतला साप आहे, त्यात काय एवढं?

तुरीचं खळं

बाप्पा, लय भारी लिवलं. आमच्या इकडच्या पोट्ट्याले ड्रॅगन तोंडपाठ हाय, पन ऐनाचं झाड कोनतं अन् अर्जुनाचं कोनतं हे विचारलं तं वर पायते. मांडूळ ठेवाच. हरकतीचं काय, पोळ्याले म्हनतेत त्या झडत्यांच्या गान्यांवरबी हरकत घेनारे असतेत.

सातपानी वही

मी हरकतीच्या बाजूची.

दादा, तुमचं लिखाण गोड आहे, म्हणूनच भीती वाटते. 'पुरलेलं धन दाखवतो' हे वाक्य तुम्ही कल्पनेतून लिहिलं, पण आमच्या तालुक्यात ते अजून विकलं जातं. माझ्या मामानं एका वर्षीचे सोयाबीनचे पैसे मांडुळाच्या सौद्यात घातले. वजनावर भाव, जितका जड तितके कोटी. समोरचा माणूस रात्री पोतं दाखवून गेला, तो परत आलाच नाही. मामा आजही चारचौघांत 'चोरी झाली' असंच सांगतो.

खरं तर त्या बिचाऱ्या सापाला तोंड एकच. शेपूट बोथट असतं म्हणून दुसरं तोंड वाटतं. विष नाही, उंदीर खातो, म्हणजे आपल्याच कामाचा. 2013 साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला, तरी पैशाचा पाऊस पाडणारे काही संपले नाहीत. खवल्या मांजराचंही तेच. 1972च्या वन्यजीव कायद्यात त्याला पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, तरी खवल्यांसाठी ते मारलं जातं. तुमची चिठ्ठी म्हणजे त्या दलालाचंच बोलणं, फक्त अक्षर सुंदर.

ड्रॅगनचं खवलं ठेवा. ड्रॅगन धरायला कुणी फास लावत नाही.

बांधावरची बाभूळ

ताई, मामांचं वाचून वाईट वाटलं. पण या हिशेबानं लिंबू, बाहुली, घुबड, अमावस्या सगळंच काढावं लागेल. मग उरेल काय, सुतळी आणि खिळे? पोरांना खेळ आणि खरं यातला फरक कळतो.

सातपानी वही

पोरांना कळतो. मामा 52 वर्षांचा होता.

भात्याची फुंकर

मांडुळाचं तुम्ही दोघं बघा. माझी तक्रार वेगळीच. मी सोनारकामाच्या घरातला. लाखेवर 'खोटी शपथ' वगैरे लिहिलंय ते मला पाणचट वाटलं, कारण खरी लाख त्याहून विचित्र आहे. किडा फांदीतला रस पितो आणि अंगातून राळ काढून स्वतःलाच त्यात बंद करून घेतो. पळसावर येते हे बरोबर, पण कुसुमावर आणि बोरीवरही येते. ती आम्ही वितळवून पोकळ पाटलीत भरायचो, म्हणजे पाटली चेपत नाही. मग मोडीला आली की भांडण ठरलेलं : वजनातून लाख किती वजा करायची? गिऱ्हाईक म्हणतं गुंजभर, सोनार म्हणतो तोळाभर. हे घाला ना खेळात! लाख भरलेली वस्तू विकताना दोघांनी घासाघीस करायची.

बिब्ब्याचंही तसंच. नुसती खाज काय लिहिता? धोबी त्याच्या रसानं कपड्यावर खूण करत आणि ती पक्की व्हायला चुना लावत. म्हणजे चिठ्ठी अशी हवी : बिब्बा अधिक चुना, चोरीला गेलेली वस्तू मालकाचं नाव सोडत नाही. अंगाला लागला तर फोड येतात हेही लिहा, नाहीतर एखादं पोरगं खरंच चोळून बघेल.

तुरीचं खळं

हे मात्र खरं हाय. माया भावानं लहानपनी बिब्बा फोडला होता, तोंड असं सुजलं का मायनं वळखलं नाई.

खाऱ्या काठाचा

मेहकरकडचा आहे, म्हणून लोणारपुरतं बोलतो. तिथं मनचं काही जोडायची गरजच नाही. अकबराच्या काळातल्या आईने-अकबरी या ग्रंथात त्या भागात काच आणि साबण बनवायचं सामान मिळतं अशी नोंद आहे. जून 2020 मध्ये तळं गुलाबी झालं होतं. पाणी आटून खारटपणा वाढला आणि त्यात तगणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंग चढवला. चिठ्ठी दोन रंगांत करा, हिरवा खार आणि गुलाबी खार. गुलाबी फक्त कडक उन्हाळ्यात मिळेल. 'भाजी वर बघत बसते' काढू नका, मला आवडलं.

मांडुळावर मी ताईंच्या बाजूनं. बाभूळभाऊ, लिंबू कुणी पकडून पोत्यात कोंडत नाही.

बांधावरची बाभूळ

पोत्याचा मुद्दा पटला. बाकीचा अजूनही पटलेला नाही. खवल्या मांजराचं खवलं काढलं, त्याजागी बांबूच्या कोंबाचं टरफल घातलं. ते नुसतं हाताळलं तरी बोटांत कूस जाते, ढालीला शोभेल.

मांडूळ काढलं नाही, बदललं. नवी चिठ्ठी :

मांडूळ : यातून काहीही बनत नाही. पोत्यात असतं तोवर दर हाताला भाव दुप्पट. पोतं उघडेल त्याचा डाव संपला. शेतात सोडेल त्याच्या कोठारातले उंदीर गेले.

तुरीचं खळं

पोट्टे सोडतीन का पन?

बांधावरची बाभूळ

काल सात जण खेळले. पाच जणांनी भाव चढवत ठेवला, एकानं उघडलं, एकीनं सोडलं. सोडणारी शेवटच्या नंबरावर होती, तिला तसंही हरायचंच होतं.

सातपानी वही

म्हणजे पाच जण दलाल झाले. हेच म्हणत होते मी.

तरीही संध्याकाळी ती चिठ्ठी मोबाईलवरून कागदावर उतरवून मामाला दाखवली. त्यानं दोनदा वाचली, घडी घातली आणि बंडीच्या खिशात ठेवली. परत मागायची माझी हिंमत झाली नाही.