व्हीपीएन क्लायंट व्हीपीएनवरूनच अद्ययावत करताना जोडणी तुटते, उपाय काय?

प्रश्न – बाणेर

आमचे कार्यालय बाणेरला व कारखाना चाकणला असून विक्री विभागातील ४० जण बहुतेक दिवस घरूनच काम करतात. सर्वांच्या विंडोज लॅपटॉपवर ओपनव्हीपीएन २.५ (इंटरनेटवरून कार्यालयाच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी, म्हणजे व्हीपीएन, करून देणारा क्लायंट) आहे व ते २.६ वर न्यायचे आहे. कार्यालयातील संगणकांवर हे काम ग्रुप पॉलिसीने (सर्व संगणकांना एका ठिकाणाहून सूचना देणाऱ्या विंडोजच्या सोयीने) सुरळीत झाले. परंतु असे सॉफ्टवेअर संगणक सुरू होताना बसवले जाते आणि त्या वेळी घरच्या लॅपटॉपला डोमेन कंट्रोलर (या सूचना देणारा कार्यालयातील सर्व्हर) दिसत नाही. म्हणून मी सर्व्हरवरील शेअर्ड फोल्डरमध्ये बॅच फाइल (आदेशांची यादी) व एमएसआय (इन्स्टॉलरचे पॅकेज) ठेवून व्हीपीएन चालू असताना ती फाइल चालवली. पहिल्या ओळीने जुनी आवृत्ती निघाली, दुसऱ्या ओळीने नवी बसलीच नाही आणि लॉगमध्ये १६१९ हा क्रमांक आला. परिणामी तिघांकडे आज कोणताच क्लायंट नाही. त्यांपैकी एकांना तर काल लॅपटॉप घेऊन धायरीहून बाणेरला यावे लागले. उरलेल्या ३७ जणांवर ही वेळ न आणता काम कसे करावे?

उत्तर – कोथरूड

१६१९ म्हणजे इन्स्टॉलरला पॅकेज उघडता आले नाही. आपल्या पहिल्या ओळीने क्लायंट काढला, त्यासरशी जोडणी गेली, आणि दुसरी ओळ ज्या शेअर्ड फोल्डरकडे पाहत होती ते फोल्डर त्या जोडणीपलीकडेच राहिले. सिंहगडावर दोर कापले ते निदान सगळे वर चढून गेल्यावर. येथे ते आधीच कापले गेले.

फाइल पोहोचवणे आणि ती बसवणे ही दोन कामे वेगळी करावीत. आधी एमएसआय प्रत्येक लॅपटॉपच्या सी ड्राइव्हवर उतरू द्यावी, त्यासाठी दोन-तीन दिवस लागले तरी हरकत नाही. रोबोकॉपी या विंडोजच्या फाइल उतरवणाऱ्या आदेशाला झेड (/Z) हा पर्याय दिल्यास तुटलेली प्रत जिथे थांबली तिथून पुढे सुरू होते. प्रत पूर्ण उतरल्याची खात्री हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-क्रमांक) जुळवून करावी आणि मगच टास्क शेड्यूलरमधून (ठरलेल्या वेळी काम चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीतून) सिस्टिम खात्याने ती स्थानिक फाइल क्यूएन व नोरिस्टार्ट (खिडकी न दाखवता व आपोआप रिस्टार्ट न करता) या पर्यायांसह चालवावी. जुनी आवृत्ती काढणारी ओळ वगळावी, कारण २.५ एमएसआयनेच बसवलेले असेल तर नवे पॅकेज जुने स्वतःच काढते. ३०१० हा क्रमांक आला तर तो दोष समजू नये. काम झाले आहे, केवळ रिस्टार्ट बाकी आहे. १६१८ आला तर दुसरे एखादे इन्स्टॉलेशन चालू असते, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा.

उत्तर – पिंपरी

वरील उपाय योग्य आहे, पण इंट्यून (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरून संगणक सांभाळण्याची सेवा) असेल तर एवढी खटपट करू नये. ते फाइल थेट इंटरनेटवरून लॅपटॉपवर उतरवते व नंतर बसवते, त्यामुळे व्हीपीएनचा संबंधच येत नाही. मात्र डिटेक्शन रूलमध्ये (सॉफ्टवेअर बसले का हे ठरवणाऱ्या नियमात) फाइल आहे की नाही एवढेच न तपासता तिची आवृत्ती तपासावी, अन्यथा जुनी फाइल पाहून ‘आधीच बसलेले आहे’ असा अहवाल येतो.

मला अधिक काळजी सर्टिफिकेटची, म्हणजे व्हीपीएनला प्रत्येकाची ओळख पटवणाऱ्या फाइलची, वाटते. २.६ सोबत विंडोजवर ओपनएसएसएल ३ (एन्क्रिप्शनचे काम करणारी लायब्ररी) येते आणि ते आरसी२-४० या जुन्या, कमकुवत पद्धतीने एन्क्रिप्ट करून बांधलेली जुनी पी१२ फाइल (सर्टिफिकेट व त्याची किल्ली एकत्र ठेवणारी) नेहमीच्या मांडणीत उघडत नाही. एसएचए-१ या जुन्या पद्धतीने सही केलेले सर्टिफिकेटही नाकारले जाते. शिवाय क्लायंटच्या फाइलमधील ‘सायफर’ ही (एन्क्रिप्शनची पद्धत सांगणारी) ओळ २.६ मध्ये सर्व्हरशी पद्धत ठरवण्याच्या वाटाघाटीसाठी धरली जात नाही, ‘डेटा-सायफर्स’ पाहिले जाते. सर्व्हर जुना असल्यास प्रथम हे तपासावे.

प्रश्नकर्ता – बाणेर

इंट्यून आमच्याकडे नाही. चाळीसही पी१२ फाइली नव्याने बांधून पाच लॅपटॉपवर चाचणी घेतली. चौघांची जोडणी दोन मिनिटांत परत आली. पाचव्यावर एमएसआय व हॅश दोन्ही ठीक असूनही टास्क सुरूच झाले नाही आणि लॉगही तयार झाला नाही.

उत्तर – कोथरूड

आपण ते गुरुवारी दुपारी लावले होते का? गुरुवारच्या दुरुस्तीसाठी तो पाचवा लॅपटॉप असलेल्या भागातील वीज गेली असेल तर लॅपटॉप बॅटरीवर असणार, आणि टास्क शेड्यूलरमध्ये ‘विजेवर असतानाच सुरू करा’ ही खूण मुळातच लावलेली असते. कंडिशन्स या टॅबमधील ती खूण आणि तिच्याखालची, बॅटरीवर जाताच टास्क थांबवणारी खूण, दोन्ही काढाव्यात. दुसरी राहिली तर टास्क अर्ध्यावर थांबू शकते.

प्रश्नकर्ता – बाणेर

गुरुवारच होता. दोन्ही खुणा काढल्या, आज सकाळी पाचवाही झाला. उरलेल्यांच्या लॅपटॉपवर फाइल पाठवण्यास आजपासून सुरुवात केली आहे. टास्क मंगळवारी चालेल.