रक्ताच्या पिशवीत 'शून्य धोका' हवाच, हा हट्ट कुठवर?

बिनधास्त_ब
थोडं टोकाचं वाटेल, तरी मांडतो. दान केलेल्या रक्तातले विषाणू शोधायला आपण चाचण्यांवर चाचण्या चढवत चाललोय आणि दर नव्या चाचणीगणिक हाती लागणारं कमी होतंय.

1985 मध्ये एचआयव्हीची अँटीबॉडी चाचणी आली, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं शोधणारी. 1989 मध्ये यकृताला सूज आणणारा हिपॅटायटिस सीचा विषाणू ओळखला गेला, लगोलग त्याचीही चाचणी आली. इथवर कुणाची तक्रार असूच नये. त्यानंतर आली नॅट, म्हणजे विषाणूचं जनुकीय द्रव्यच थेट शोधणारी चाचणी. अमेरिकेत सुरुवातीच्या सुमारे तीन वर्षांत तिने 3 कोटी 71 लाख पिशव्या तपासल्या. अँटीबॉडी चाचणीतून निसटलेले आणि नॅटने पकडलेले एचआयव्ही-बाधित दाते किती? 12. हिपॅटायटिस सीचे 170. हे आकडे 2004 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलेत.

उलट रक्त चढवताना माणसं कशाने दगावतात? शरीराला न पेलणारं रक्त दिल्याने फुप्फुसात पाणी भरून, चुकीच्या गटाची पिशवी लावल्याने, प्लेटलेटमध्ये जिवाणू वाढल्याने. प्लेटलेट 20 ते 24 अंशांवर ठेवाव्या लागतात, जिवाणूंना आणखी काय हवं! पैसा तिकडे वळवा, एवढंच म्हणणं.

सायली_थॅल
तुम्ही हिशेब पिशवीमागे मांडताय. आम्ही तो माणसामागे मांडतो. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन न बनण्याचा जन्मजात आजार, असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, तेही जन्मभर. विशीत येईपर्यंत पाच-सहाशे अनोळखी दात्यांचं रक्त अंगात गेलेलं असतं. पिशवीमागे वीस लाखांत एक हा धोका धरला, तर 600 पिशव्यांना तो साधारण 3300 मध्ये एक होतो. आणि हा वीस लाखांत एक तुमच्या त्या नॅटनंतरचा, श्रीमंत देशातला. माझ्या मुलीच्या वाट्याला तुमची सरासरी येत नाही हो.

पेशीमोज्या
रक्तपेढीच्या प्रयोगशाळेत काम करतो. बिनधास्त, तुमचे आकडे बरोबर आहेत, पण तुम्ही ते चुकीच्या ठिकाणी लावताय. नॅट किती दाते पकडेल हे यंत्रावर कमी आणि दात्यांमध्ये ताजा संसर्ग किती आहे यावर जास्त ठरतं. अमेरिकेतले दाते आधीच गाळून घेतलेले, पुन्हा पुन्हा येणारे. जिथे संसर्गाचं प्रमाण जास्त आहे आणि निम्मे लोक पहिल्यांदाच रक्त देतायत, तिथे हेच यंत्र कितीतरी जास्त पकडतं.

मुळात भांडण विंडो पीरियडचं आहे. विषाणू अंगात शिरला पण चाचणीला अजून दिसत नाही, तो काळ. एचआयव्हीसाठी अँटीबॉडी चाचणीत हा काळ सुमारे 22 दिवसांचा, नॅटने तो 11 च्या आसपास येतो. हिपॅटायटिस सीमध्ये फरक प्रचंड आहे. अँटीबॉडीला सुमारे 70 दिवस, नॅटला आठवडाभर. म्हणून तुमच्या यादीत 12 आणि 170 असा फरक दिसतो. अडीच महिने अगदी ठणठणीत दिसणारा माणूस रक्त देऊन जाऊ शकत होता. शिवाय एक पिशवी एकाच रुग्णाला जात नाही. तांबड्या पेशी, प्लेटलेट, प्लाझ्मा असे भाग करतो आम्ही. एक दाता निसटला की तिघांवर बेततं.

बिनधास्त_ब
सी पुरतं मान्य. पण हिपॅटायटिस ई घ्या. आग्नेय इंग्लंडमध्ये 2012-13 मध्ये सव्वादोन लाख रक्तदानं तपासली, 79 दात्यांच्या रक्तात विषाणू निघाला, म्हणजे 2848 मागे एक. ज्यांना ते रक्त मिळालं त्यातल्या 43 जणांचा पाठपुरावा केला, 18 जणांना संसर्ग झालेला होता. आणि बहुतेकांना काहीसुद्धा झालं नाही! तिथे हा विषाणू डुकराच्या मांसातून रक्तापेक्षा कितीतरी जास्त लोकांना मिळतो. तरी 2017 पासून ब्रिटनमध्ये सगळ्या दात्यांची तपासणी. ताटातला धोका चालतो, पिशवीतला चालत नाही, याला काय म्हणायचं?

सायली_थॅल
ताटात काय घ्यायचं ते खाणारा ठरवतो. रक्त घेणारा फक्त हात पुढे करतो.

पेशीमोज्या
शिवाय 'बहुतेकांना काही झालं नाही' यातले उरलेले कोण, तेही बघा. अवयव प्रत्यारोपण झालेले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेले. त्यांच्यात हिपॅटायटिस ई ठाण मांडून बसतो आणि यकृत खराब करतो. रक्त सगळ्यात जास्त लागतं तेही याच लोकांना. निरोगी माणसाच्या मोजपट्टीने रक्ताचा धोका मोजायचा, हे मला कधीच पटलेलं नाही.

जुनी_फाईल
'खर्चाच्या मानाने फायदा किती' हे वाक्य ऐकलं की कान टवकारतात, कारण ते आधीही ऐकलंय. फ्रान्समध्ये 1985 साली अमेरिकी एचआयव्ही चाचणी हाताशी असताना देशी चाचणीसाठी वेळ काढल्याचा ठपका आला, मंत्र्यांवर खटले चालले. हिपॅटायटिस सीची चाचणी जपानने 1989 मध्येच सुरू केली, ब्रिटनने सप्टेंबर 1991 मध्ये. मधल्या काळात बैठका झाल्या. तिथल्या दूषित रक्त प्रकरणाची सर ब्रायन लँगस्टाफ यांनी केलेल्या चौकशीचा अहवाल मे 2024 मध्ये आला. त्यानुसार ब्रिटनमध्ये रक्त आणि रक्तघटकांमधून 30,000 हून अधिक लोक बाधित झाले आणि सुमारे 3,000 मेले. त्यात हिमोफिलियाची, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार असलेली, लहान मुलंही होती.

बिनधास्त_ब
@जुनी_फाईल, तो इतिहास मी नाकारत नाही. पण तिथे माहीत असलेला धोका दडवला, उपलब्ध असलेली चाचणी लांबवली. आज मी विचारतोय ती गोष्ट वेगळी आहे. दहा लाखांत एकाच्या मागे धावताना हजारांत एक सुटत असेल तर? तुमच्या युक्तिवादाने कुठलीच चाचणी कधीच नाकारता येणार नाही.

आयसीयू_रात्रपाळी
एका मुद्द्यावर बिनधास्त यांच्या बाजूने. सगळ्यात सुरक्षित पिशवी म्हणजे न चढवलेली पिशवी. 1999 चा कॅनडातला अभ्यास अजून पुरेसा पचलेला नाही. अतिदक्षता विभागातले 838 रुग्ण, अर्ध्यांना हिमोग्लोबिन 10 च्या खाली गेल्यावर रक्त दिलं, अर्ध्यांना 7 च्या खाली गेल्यावर. कमी रक्त मिळालेल्यांचं काहीही बिघडलं नाही आणि पिशव्या निम्म्याहून कमी लागल्या. तरी अजून नऊ दिसलं की 'एक लावून टाका' म्हणणारे आहेत. ती एक पिशवी न चढवण्यात जी सुरक्षितता आहे, ती कुठल्याही नॅटने मिळणार नाही.

पण हा नियम सगळीकडे ताणू नका. 2023 मध्ये हार्ट अटॅकच्या साडेतीन हजार रुग्णांचा अभ्यास आला. कमी रक्त दिलेल्या गटात मृत्यू किंवा पुन्हा अटॅक 16.9 टक्के, जास्त दिलेल्यात 14.5. फरक सांख्यिकीच्या कसोटीवर थोडक्यात हुकला, पण माझा हात आता अशा रुग्णाला रक्त नाकारायला धजत नाही.

आणि सायलीताई म्हणतात तेही खरं. थॅलेसेमियात 'कमी द्या' हा पर्यायच नाही.

नवा_दाता
एक शंका. इतकी चांगली यंत्रं असताना रक्त देताना ते खाजगी प्रश्न अजून का? अवमानकारक वाटतात.

पेशीमोज्या
काही प्रश्न खरंच अवमानकारक होते. ब्रिटनने 2021 मध्ये आणि अमेरिकेने 2023 मध्ये समलिंगी पुरुषांना सरसकट वेगळं काढणारे नियम बदलले, आता सगळ्यांना सारखेच प्रश्न असतात. पण प्रश्न हवेतच, कारण विंडो पीरियड कमी झाला तरी संपलेला नाही. त्यात नवी अडचण म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायची औषधं. ती घेणाऱ्याला संसर्ग झालाच तर विषाणू इतका दबून राहतो की यंत्रालाही चकवतो. 'विषाणू दिसत नाही म्हणजे पसरत नाही' हे लैंगिक संबंधांपुरतं पक्कं सिद्ध झालंय. शिरेतून थेट पिशवीभर रक्त जातं तिथे ते लागू होत नाही. गोळ्या चालू असतील तर सांगा, लाज वाटण्यासारखं त्यात काहीही नाही.

बिनधास्त_ब
ठीक. मग हिपॅटायटिस बीचं काय? नॅट आहे, एचबीएसएजी म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन शोधणारी चाचणी आहे, आता म्हणे जुन्या संसर्गाच्या अँटीबॉडीही बघा.

पेशीमोज्या
बी हीच आमची खरी डोकेदुखी. काही जणांमध्ये तो यकृतात लपून राहतो, रक्तात इतका कमी की नॅटलाही हुलकावणी देतो. स्लोव्हेनियात अशा दात्यांकडून संसर्ग गेल्याचं विषाणूची जनुकीय ओळख जुळवून सिद्ध झालंय. तुम्ही म्हणता ती चाचणी हे दाते पकडते. पण जिथे जुना संसर्ग समाजात बराच आहे तिथे तिच्यामुळे इतके दाते बाद होतील की रक्तच उरणार नाही. जर्मनीने मधला मार्ग काढला: नॅट निगेटिव्ह असेल आणि संरक्षक अँटीबॉडी 100 युनिटच्या वर असतील तर रक्त घ्यायचं.

इथे मात्र मी तुमच्याइतकाच साशंक आहे, बिनधास्त.

सायली_थॅल
मुलीला बीची लस दिलेली आहे. ती पुरेल का?

पेशीमोज्या
बीसाठी मोठा आधार आहे, पण अँटीबॉडीची पातळी मधूनमधून तपासून घ्या, कमी झाली असेल तर डॉक्टर बूस्टर सुचवतील. सीवर लस नाही. त्यासाठी तुम्ही विचाराल तो प्रश्न एकच: पेढी नॅट प्रत्येक पिशवीची वेगळी करते की अनेक नमुने एकत्र मिसळून? मिसळलेल्यात थोडका विषाणू विरून जाऊ शकतो. विचारायला संकोच करू नका, आम्हाला उत्तर माहीत असतं.